बेन गेल्या, आठवणी इथे लिहूया

कामाटीबाग

मंडळी, काही जणांना कळलं असेल, आपल्या बेन गेल्या. वय झालं होतं, दिवाळीनंतर तब्येत खालावलीच होती, तरी शेवटपर्यंत पालकांचे फोन घेत होत्या असं त्यांची भाची सांगत होती. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, घरच्यांनी तशी विनंती केली आहे. पण बडोद्यात ज्याच्या घरात शिकायला अडचण असलेलं मूल आहे किंवा ज्याने युनिव्हर्सिटीत बीएड-एमएड करताना स्पेशल एज्युकेशनचा पेपर घेतला होता त्याला नाव सांगायची गरजही नाही. गुजराती पालक बेन म्हणायचे, आम्ही विद्यार्थी मॅडम म्हणायचो आणि दांडिया बाजारातल्या वाड्यात त्या सगळ्यांच्या ताई होत्या.

एक विनंती, नुसतं भावपूर्ण श्रद्धांजली लिहून आणि हात जोडून पुढे जाऊ नका. बेननी काय केलं, कसं केलं, ते लिहा. त्यांच्यावर कुठे दोन ओळी छापून येतील असं वाटत नाही, तर निदान इथे राहू दे.

मी सुरुवात करतो. त्यांचं पहिलं लेक्चर दर वर्षी तेच असायचं. फळ्याच्या एका टोकाला लिहायच्या व्हिक्टर, दुसऱ्या टोकाला लिहायच्या कोसबाड. मग विचारायच्या, या दोघांचा संबंध काय? कोणालाच यायचं नाही. मग सुरू. फ्रान्समध्ये १८०० च्या सुमारास जंगलातून आलेला एक मुलगा, बोलत नाही, अंगावर कपडे ठेवत नाही, मोठमोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं की हा काही शिकणार नाही. इटार्ड नावाच्या तरुण डॉक्टरने ते ऐकलं नाही, पाचेक वर्षं त्याच्यामागे लागला. व्हिक्टर शेवटपर्यंत नीट बोलला नाहीच, हे बेन आवर्जून सांगायच्या, यशाची गोष्ट म्हणून सांगू नका म्हणायच्या. पण इटार्डच्या हाताखाली तयार झालेल्या सेगँने ते काम पुढे नेलं, सेगँ वाचून रोममध्ये माँटेसोरीबाई आधी मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या मुलांबरोबर काम करायला लागल्या आणि मग १९०७ साली तीच साधनं घेऊन साध्या मुलांची बालशाळा काढली. माँटेसोरी वाचून गुजरातचे बालशिक्षणवाले गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर काढलं, तिथे आपल्या ताराबाई मोडक येऊन मिळाल्या आणि पुढे त्यांच्या बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्या. एवढं झालं की खडू ठेवून म्हणायच्या, तुम्ही सगळे बालवाडीत ज्या लाकडी ठोकळ्यांशी खेळलात ना ते "शिकणार नाही" म्हणून सोडून दिलेल्या मुलांसाठी बनवले होते, तेव्हा कोण कोणावर उपकार करतंय ते नीट समजून घ्या. तास संपायचा.

---

सेवउसळ

ओम शांती. (सॉरी कामाटीबाग, एवढंच येतंय मला. मी कॉमर्सचा, पण त्यांना ओळखत होतो. रावपुऱ्यात आमच्या दुकानातून झिपा, बटणं, वेलक्रो असलं काहीबाही डझनावारी न्यायच्या, मला वाटायचं बाई शिवणक्लास चालवतात.)

---

दोन_मुलांची_आई

सेवउसळ, ती बटणं आमच्याकडे आली असणार, अजून आहेत डब्यात :)

माझी धाकटी डाऊन सिंड्रोमची आहे. ती झाली तेव्हा सासरी-माहेरी इतकं रडणं झालं की मला कोणी काही विचारलंच नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून तिला घेऊन बेनकडे गेले, मला वाटलं आता धीर देतील, डोक्यावरून हात फिरवतील. कसलं काय. पहिला प्रश्न, थायरॉईड तपासलं का? कान तपासले? हृदयाची इको केली? मी म्हटलं इको झाली आहे, बाकी नाही. तर म्हणाल्या आधी ते करून या, ऐकू कमी येत असेल तर मी काय आणि कोणी काय, बोलायला शिकवणार कसं, आणि लोक म्हणतील बुद्धी कमी आहे म्हणून बोलत नाही. खरंच एका कानात पाणी साठलेलं निघालं. या मुलांमध्ये ते खूप कॉमन असतं म्हणे, थायरॉईडपण, पण आमच्या इथे तोपर्यंत कोणी बोललंच नव्हतं.

मग टीशर्ट. मी रोज तिला म्हणायचे "घाल टीशर्ट" आणि रोज रडारड, शेवटी मीच घालायचे. बेननी एका कागदावर टीशर्ट घालण्याची एकेक पायरी लिहायला लावली, डोकं आत, डोकं बाहेर, उजवा हात, डावा हात, खाली ओढणे वगैरे, आणि म्हणाल्या आता उलटीकडून सुरू कर. म्हणजे सगळं तू कर, फक्त शेवटचं पोटावरून खाली ओढायचं तिच्यावर सोड. ते तिला जमणारच, आणि जमलं की काम पूर्ण झालं, टाळ्या तिच्या. ते पक्कं झालं की डावा हात तिचा. असं मागे मागे जायचं. आधीपासून सुरू केलं की मूल पहिल्याच पायरीला अडकतं आणि "मला येत नाही" एवढंच शिकतं. किती महिने लागले ते आता आठवत नाही पण लागले. आज ती स्वतः ड्रेस निवडते आणि मला कळत नाही असं म्हणते.

अजून एक लिहायचंच आहे. आमच्याकडे घरात मराठी, खाली सोसायटीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळा इंग्लिश. एका थेरपिस्टने सांगितलं की एकच भाषा ठेवा, मराठी बंद करा, मूल गोंधळतं. आम्ही मेहनतीने घरात इंग्लिश बोलायला लागलो, माझ्या सासूबाई तर गप्पच झाल्या बिचाऱ्या. बेनना कळल्यावर त्या पहिल्यांदा (आणि शेवटच्यांदा) माझ्यावर ओरडल्या. आजीशी हिने कोणत्या भाषेत बोलायचं मग? दिवसभर घरात जी बाई तिच्याशी बोलते तिचंच तोंड तुम्ही बंद केलंत! त्यांचं म्हणणं, दोन भाषा ऐकल्याने अशा मुलांचं बोलणं मागे पडत नाही, घरात कमी बोललं गेलं तर मात्र नक्की पडतं. आता पोरगी आजीशी मराठी, वॉचमनशी गुजराती.

---

बॅकबेंचर

सगळे गोड गोड लिहिताहेत म्हणून मी खारट लिहितो. मला त्यांनी प्रॅक्टिकलला नापास केलं होतं.

केस स्टडी होती, एका मुलाबरोबर काही आठवडे काम करून रोजची नोंद ठेवायची. मी लिहिलं "आज मुलगा आनंदी होता", "आज त्याने छान प्रतिसाद दिला", "आत्मविश्वास वाढल्याचे जाणवले". वही परत आली ती सगळीकडे लाल. आनंदी म्हणजे काय दिसलं? हसला? किती वेळा? छान म्हणजे दहापैकी किती वेळा बरोबर? जाणवले कोणाला, तुला का त्याला? शेवटी खाली लिहिलं होतं की हे तुझ्या मनाचं वर्णन आहे, मुलाचं नाही, पुन्हा करणे.

तेव्हा फार राग आला होता, आम्ही चार जणांनी डीनकडे जायचा विचारही केला होता. वर्ष हुकता हुकता वाचलं. आता मी साध्या शाळेत गणित शिकवतो, स्पेशल वगैरे काही नाही, पण माझ्या वर्गात एखादा पोरगा ढ आहे असं कोणी म्हणालं की मी विचारतो नेमकं कुठे अडतंय, हातच्याला अडतंय का पाढ्याला. ही सवय त्यांचीच. तरीपण सांगतो, बोलण्याची पद्धत थोडी बरी असती तर बिघडलं नसतं. पालकांशी जेवढ्या मायेने बोलायच्या त्याच्या अर्ध्यानेही आमच्याशी बोलल्या नाहीत.

---

पुणेरी_जावई

वाचतोय. माझी बायको बडोद्याची, तिच्या तोंडून ऐकलंय. खरंच देवमाणूस. असा त्याग आजकाल दिसत नाही.

---

निळी_छत्री

पुणेरी_जावई, राग मानू नका, पण "त्याग" शब्द त्यांच्यासमोर वापरला असता तर तुमचं काही खरं नव्हतं :) त्या पगार घेत होत्या, वेळच्या वेळी इन्क्रिमेंटसाठी भांडत होत्या, आणि उन्हाळ्यात महाबळेश्वरला जात होत्या. आम्हाला सांगायच्या, ज्या शिक्षिकेला सगळे देवी म्हणतात तिला कोणी पगार वाढवून देत नाही आणि तिची चूकही कोणी काढत नाही, दोन्हीत नुकसान मुलाचं.

मी त्यांची विद्यार्थिनी, आता अहमदाबादला स्पेशल टीचर आहे. त्या या कामात कशा आल्या ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं, ते लिहिते. सुरुवातीला त्या फक्त टेस्टिंग करायच्या, मानसशास्त्रातून आलेल्या ना. म्हणजे मुलाला बसवायचं, बिने-कामत घ्यायची (कामतांनी धारवाडला कन्नड आणि मराठी मुलांवर बसवलेली बुद्धिमापन चाचणी, मराठी घरातल्या मुलांना तीच सोयीची), लहान असेल किंवा बोलत नसेल तर सेगँ फॉर्म बोर्ड, शिवाय आईला प्रश्न विचारून व्हाइनलँड (मूल रोजची कामं स्वतःची स्वतः किती करतं ते मोजणारा तक्ता) भरायचा, त्याचं आपल्याकडचं रूप नागपूरच्या मालिन यांनी केलेलं. मग आकडा काढायचा, सर्टिफिकेटवर सही, पुढचा.

एक दिवस एका वडिलांनी, रेल्वेत होते म्हणे प्रतापनगरला, कागद हातात घेतला, आकडा वाचला आणि अगदी शांतपणे विचारलं, "बेन, ते ठीक आहे. उद्या सकाळी उठल्यावर मी याच्याबरोबर काय करू?" आणि बेनकडे उत्तर नव्हतं. एमए झालेलं, टेस्ट तोंडपाठ, आणि उद्या सकाळचं उत्तर नाही. त्या म्हणाल्या मी त्यांना काहीतरी सांगितलं, प्रेमाने वागवा असं काहीतरी, आणि ते गेल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. त्यानंतर त्या शिकवण्याच्या बाजूला वळल्या ते कायमच्या.

आमच्या प्रत्येक डिझर्टेशनच्या व्हायव्हाला शेवटचा प्रश्न हाच असायचा. टेबल झाले, टी-टेस्ट झाली, सिग्निफिकंट आलं, छान. उद्या सकाळी याचं काय करायचं? अर्धे लोक तिथेच गळपटायचे. बाहेरून आलेले एक्झामिनरसुद्धा चुळबुळ करायचे, कारण त्यांनाही माहीत नसायचं.

---

पुणेरी_जावई

बरं त्याग मागे घेतो :) हा सेगँ बोर्ड म्हणजे काय? वर जो फ्रेंच माणूस आला तोच का?

---

निळी_छत्री

तोच. लाकडी फळी, त्यात दहा आकारांच्या खाचा, गोल, चौकोन, चांदणी, फुली वगैरे. ठोकळे बाजूला रचून ठेवतात आणि मूल ते किती वेळात बसवतं ते स्टॉपवॉचवर बघतात, तीनदा घेतात आणि सगळ्यात कमी वेळ धरतात. बेन मात्र वेळेपेक्षा मूल कसं बसवतं ते बघायच्या. चांदणी गोलात कोंबतंय, की फिरवून बघतंय, की तुमच्या तोंडाकडे बघतंय. जे तुमच्या तोंडाकडे बघतं त्याला कोणीतरी खूप वेळा "चुकलं" म्हटलेलं असतं म्हणायच्या.

---

दादाची_बहीण

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय.

माझा मोठा भाऊ बेनच्या अगदी सुरुवातीच्या मुलांपैकी. आता तो पन्नाशीला आला. लहानपणी आमच्या घरी संक्रांतीला (म्हणजे उत्तरायणला, बडोद्यात कोण संक्रांत म्हणतं) तो खाली खोलीत आजीजवळ बसायचा, कारण अगासीवर (गच्चीवर) गर्दी, कठडा छोटा, मांजा, आरडाओरडा, सगळ्यांना भीती. बेननी बाबांना विचारलं की पतंग उडवताना किती कामं असतात? बाबांनी सांगितलं, कन्नी बांधणे, छुट देणे, उडवणे, फिरकी धरणे. फिरकी धरायला काय लागतं? दोन हात, उभं राहणं, ढील म्हटलं की सैल सोडणं, लपेट म्हटलं की गुंडाळणं. एवढंच ना?

मग दिवाळी झाल्यापासून ते पौषापर्यंत आमच्या घरात रिकाम्या फिरकीवर प्रॅक्टिस. आधी बाबा त्याच्या हातावर हात ठेवून फिरवायचे, मग नुसता कोपराला स्पर्श, मग नुसतं "लपेट" म्हणून, मग काहीच नाही, नुसतं बघायचं. बेन म्हणायच्या मदत कशी द्यायची ते सगळ्यांना येतं, काढून कशी घ्यायची ते शिकवावं लागतं. ढील त्याला पटकन जमली, लपेटला वेळ लागला, मनगट फिरायचं नाही. त्या वर्षी तो अगासीवर होता, बाबांच्या मागे. आणि मग कायमच. आता बाबा नाहीत, माझा मुलगा उडवतो आणि दादा फिरकीला, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, ती जास्त महत्त्वाची आहे खरं तर. दादाची अठरा वर्षं कधीच होऊन गेली होती आणि आई-बाबांना वाटायचं आपण आहोत ना, आपणच पालक. १९९९ चा नॅशनल ट्रस्टचा कायदा (ऑटिझम, मतिमंदत्व वगैरे असलेल्यांसाठीचा) आला तेव्हा बेन स्वतः घरी आल्या, म्हणाल्या अठरा पूर्ण झाले की कायद्याने तो सज्ञान, बँकेत, वारशात, कुठेही तुमची सही त्याच्या वतीने चालणार नाही, कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली कमिटी असते तिथे अर्ज करून गार्डियन नेमून घ्या, आणि बहिणीला विचारून घ्या, तिला गृहीत धरू नका. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्यासमोर म्हटलं. मी तेव्हा लग्नाची होते. आमच्या घरात हे मला कोणी विचारलं नव्हतं, सगळे मनात धरूनच चालले होते. बाबांनी त्या रात्री विचारलं. मी हो म्हटलं, पण विचारल्यावर म्हटलं.

---

दोन_मुलांची_आई

दादाची_बहीण, हे मी माझ्या मोठ्या मुलाला वाचून दाखवणार आहे.

---

शंकासुर

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून. मी त्यांचा विद्यार्थी नाही, पण या क्षेत्रात आहे. त्या जुन्या पद्धतीतल्या होत्या हे कोणी बोलणार का? बरोबर केलं की पेपरमिंट, चुकलं की दुर्लक्ष. आज मोठे झालेले ऑटिस्टिक लोक स्वतः लिहितात की या असल्या ट्रेनिंगमुळे त्यांना त्रास झाला, स्वतःला दाबून ठेवायला शिकवलं गेलं. आणि दुसरं, त्या आयुष्यभर स्पेशल शाळांच्या बाजूने होत्या. १९९४ मध्ये स्पेनमध्ये सालामांकाला युनेस्कोच्या परिषदेत ९२ देशांनी मिळून सांगितलं की सगळी मुलं शक्यतो एकाच शाळेत शिकावीत, आणि आपण अजून वेगळ्या शाळा वेगळे वर्ग करत बसलोय. श्रद्धांजली ठीक आहे पण मूल्यमापनही व्हावं.

---

सेवउसळ

आज तरी राहू दे की राव. तेरावा झाला नाहीये अजून.

---

कामाटीबाग

नाही सेवउसळ, राहू दे त्याची पोस्ट. बेन असत्या तर त्यालाच आधी चहा पाजला असता.

---

निळी_छत्री

शंकासुर, पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे आणि त्यांना ते मान्य होतं. सुरुवातीच्या काळात पेपरमिंट, चणे, सगळं होतं, आमच्या आधीच्या बॅचने ते खिशात घेऊनच वर्गात जायचं. पण मी शिकत होते तोपर्यंत बदललेलं होतं. एक मुलगा होता, प्रार्थनेच्या वेळी कानावर हात ठेवून हॉलमधून पळायचा. आम्ही प्लॅन बनवला, एक मिनिट बसला की बक्षीस, मग दोन मिनिटं. त्यांनी प्लॅन वाचला आणि म्हणाल्या, हॉलमधला हार्मोनियमचा माइक कोणी बंद करून बघितला का? बंद केला, मुलगा बसला. त्यावरून त्या दिवशी आम्हाला जे ऐकवलं ते असं होतं की मुलाला जे दुखतंय ते सहन करायला शिकवणं याला मी शिकवणं म्हणत नाही. आता हे त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं का, तर नव्हतं. शिकल्या त्या.

दुसरा मुद्दा मात्र पटत नाही. त्या "स्पेशल शाळांच्या बाजूने" नव्हत्या. तयारी नसलेल्या शाळेत मूल कोंबण्याच्या विरोधात होत्या. साठ मुलांचा वर्ग, एक बाई, रिसोर्स टीचर (अशा मुलांना मदत करायला शाळाशाळांत फिरणारी शिक्षिका) महिन्यातून एकदा सही करायला येणार, आणि मूल शेवटच्या बाकावर चित्र रंगवत बसणार, याला त्या समावेशक म्हणायला तयार नव्हत्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पण बघ ना, सहा ते अठरा वयाच्या मुलाला मोफत शिक्षण, शेजारच्या शाळेत किंवा स्पेशल शाळेत, निवड त्याची. त्यांना ते "निवड" फार आवडायचं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या राज्यात शिक्षण सक्तीचं केलं, त्याआधी १८९३ ला अमरेलीत करून बघितलं होतं, हे आपण सगळे छाती फुगवून सांगतो, तर बेन म्हणायच्या की सक्ती मुलावर करून झाली, आता थोडी शाळेवर करा.

---

शंकासुर

माइकचं माहीत नव्हतं. स्पेशल शाळांवर मी अजून माझ्या मतावर आहे. तयारी नाही तयारी नाही म्हणत आपण किती पिढ्या घालवणार? मूल दारात उभं राहिल्याशिवाय शाळा तयारी करतच नाही.

---

दोन_मुलांची_आई

शंकासुर, पण दारात उभं राहणारं मूल कोणाचं असतं हो? आमचं. माझी मुलगी एका "नॉर्मल" शाळेत वर्षभर होती, नाव घेत नाही. गॅदरिंगला सगळा वर्ग स्टेजवर आणि हिला विंगेत बसवलेली, कारण नाचात स्टेप चुकते. तुमची चळवळ बरोबर असेल, पण ते वर्ष तिचं गेलं ना. मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि मला काही ठरवता येत नाही, खरं सांगते.

---

इंदुरी_पोहे

नमस्कार, इंदूरहून. मी बडोद्याला त्यांच्या एका ट्रेनिंगला आलो होतो, तेव्हा आमच्या शाळेत (सुदामानगर साइड) डिस्लेक्सिया (हुशार मुलालाही वाचन-लेखन अडणं) हा शब्द म्हणजे सिनेमातला आजार. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यात लर्निंग डिसॅबिलिटी नव्हतीच, २०१६ मध्ये एकवीस झाले तेव्हा आली. त्यामुळे कोणी जबाबदारीच घ्यायचं नाही, मुलगा आळशी, आईचं लक्ष नाही, संपला विषय.

बेननी आम्हा शिक्षकांना एक परिच्छेद वाचायला दिला, देवनागरीच, पण त्यात ब-व, घ-ध, भ-म यांची अदलाबदल, वेलांट्या उलट्या, काना कुठेही. आणि मोठ्याने वाचा म्हणाल्या, घड्याळ लावून, मागून "लवकर, लवकर, घरी अभ्यास करत नाही का" असं म्हणत. पन्नाशीचे मास्तर घामाघूम. एक सर चिडून बसलेच. त्या म्हणाल्या बघा, तुम्ही एका परिच्छेदात चिडलात.

आणि एक हिशोब त्यांनी पाठ करून घेतला होता तो सगळ्या पालकांना सांगतो, परीक्षेत तासाला कमीत कमी वीस मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, शिवाय लेखनिक. सर्टिफिकेट वेळेवर काढा, मार्चमध्ये धावपळ करू नका.

बाय द वे त्यांना आमच्या सराफ्यातलं काहीच आवडलं नाही, म्हणाल्या सगळं गोड आहे. हे आम्ही कधी माफ केलं नाही.

---

बॅकबेंचर

हाहा, बडोद्याची बाई इंदूरला गोड म्हणते. आपली डाळ आधी चाखा म्हणावं.

---

कामाटीबाग

आता कामाचं. बेनच्या घरी पालकांसाठी काढलेल्या सायक्लोस्टाइल नोट्सचे गठ्ठे आहेत, मराठी आणि गुजराती दोन्ही. दात घासणे, बटण, संडासची सवय, पैसे ओळखणे, सिटी बसने एकट्याने जाणे, मुलीची पाळी, रस्ता ओलांडणे, प्रत्येकाला एक किंवा दोन पानं. भाची म्हणते ठेवायला जागा नाही, पुढच्या महिन्यात घर रिकामं करायचं आहे. शाई बरीच उडाली आहे, काही स्टेन्सिल फाटलेले. मी आणि बॅकबेंचर रविवारी स्कॅन करायला जातोय. मराठी टाइप करायला लोक हवेत, गुजराती वाचता येणारे तर नक्की हवेत. आणि जुन्या पानांवर मुलांची नावं आणि आकडे आहेत, ती खोडूनच पुढे द्यायची, कोणीही फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत.

---

शंकासुर

मी येतो. गुजराती येतं.

---

सेवउसळ

जागा लागली तर दुकानाच्या माळ्यावर आहे. उंदीर नाहीत.

---

नवीन_आयडी

माफ करा, धागा आठवणींचा आहे पण मला बेनना भेटता आलं नाही म्हणून इथेच विचारते. मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम, फार थोडं बोलतो. सकाळी शांतपणे जेवतो आणि रात्री ताट फेकतो. रोज नाही पण आठवड्यात बरेचदा. सगळे म्हणतात लाडावलाय. मी मारलंय पण एकदोनदा. वांजावाडी साइडला राहतो, इकडे कोणी आहे का?

---

निळी_छत्री

माफी कसली. आधी हे सांगा, सकाळी आणि रात्री जेवताना काय काय वेगळं असतं? कोण वाढतं, कुठे बसतो, टीव्ही, पंखा, लाइट, घरात किती माणसं, ताटात काय, आणि जेवायच्या आधी तो काय करत होता?

---

नवीन_आयडी

सकाळी आम्ही दोघंच. रात्री सगळे, दीर, त्यांची मुलं, टीव्हीवर बातम्या. खेळत असतो, मी मध्येच उचलून आणते. ताट सगळ्यांसारखंच, भाजी-वरण-भात एकात एक.

---

निळी_छत्री

बरंच काही आहे यात. पण लगेच काही बदलू नका. वहीत तीन उभे रकाने आखा. पहिल्यात ताट फेकायच्या आधी काय झालं, दुसऱ्यात त्याने नेमकं काय केलं (चिडला असं नाही, "ताट उजवीकडे ढकललं" असं), तिसऱ्यात त्यानंतर तुम्ही आणि घरच्यांनी काय केलं. कोणी ओरडलं, कोणी उचलून आत नेलं, टीव्ही बंद झाला, सगळं. ज्या रात्री फेकलं नाही त्या रात्रीचंही लिहा, ते जास्त उपयोगी पडतं. एक आठवडा फक्त लिहा. मारू नका, मारलंत तर तेही तिसऱ्या रकान्यात लिहा. मी दर दुसऱ्या शनिवारी बडोद्याला असते, मेसेज करते, वही घेऊन या.

---

नवीन_आयडी

वही आहे. वेळ पण लिहायची का, किती वाजता ते?

---

निळी_छत्री

हो, वेळ पहिल्या रकान्यात. आणि तो दुपारी किती वाजता झोपला होता तेही.